मागची सीट

मकरपुरा जीआयडीसी, रस्त्याला लागून शेवटची शेड.
यशोधन पागे गाडी घेऊन आला तेव्हा मी खमण खात होते,
डाव्या हाताने, कारण उजवा ग्रीसचा.
म्हणाला, मावशी, पिंजरा बसवायचाय. पूर्ण.
आणि हे लाल पट्टे, चार टोकांचे, कालच आले.

चालवणार कुठे?
महिन्यातून एकदा ट्रॅकवर.
आणि बाकी?
बाकी काय, रोज.

मापं लिहिते त्या भिंतीवर
मी खडूने ‘रोज’ लिहिलं.

मग त्याला सीटवर बसवलं,
कानाच्या वर पाइप धरला. सीमलेस, भिंत अडीचची.
समज, अक्षर चौकात रिक्षा आडवी आली. हलव मान.
टक्क.
हळूच लागलं, तरी इक्बाल ग्राइंडर बंद करून बघायला आला.
तिथे हेल्मेट असतं, म्हटलं.
इथे तुझं डोकं आणि लोखंड,
मधे फक्त केसांचं जेल.
टणक फोम लावीनच मी, पण फोम म्हणजे हेल्मेट नव्हे.

पट्टे त्याला मागे फरशीला बांधायचे होते,
व्हिडिओत कुणीतरी तसं केलं होतं.
मी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून खाली रेटलं.
गाडी थांबेल, तू थांबणार नाहीस,
आणि पट्टा तुला असा दाबेल,
मणक्यावर मणका.
खांद्यावरून मागे जवळजवळ सपाट जायला हवा,
गच्चीला उतार देतात तेवढाच, पाणी जाईल इतका.
आणि पाचवा पट्टा पायांमधून.
तो लाजला.
कमरेचा पट्टा पोटावर चढला ना,
तर डॉक्टरसमोर लाजायलाही उरणार नाहीस.

मग नुसते पट्टेच लावू, तो म्हणाला, पिंजरा राहू दे.
हे तर आणखी वाईट.
गाडी उलटली की छप्पर खाली येतं,
माणूस आपोआप कलतो, वाकतो, वाचतो कधी कधी.
पट्टा म्हणतो, सरळ बस.

बराच वेळ तो बॉनेटला टेकून उभा होता.
मी वहीत काढून दाखवलं:
एकच कमान, तुझ्या पाठीमागे, आडव्या दांडीसकट.
फरशीखाली तीन मिलीमीटरची पाटी, तळहाताहून मोठी,
नाहीतर पत्र्यातला बोल्ट म्हणजे वहीतली टाचणी.
कंपनीचा पट्टा काढायचा नाही. रस्त्यावर तोच.
लाल पट्टे फक्त ट्रॅकवर, हेल्मेट घालून.

मागे कोण बसतं?

कोणी नाही, म्हणाला.
मग थोड्या वेळाने: मुक्ता. सकाळी. सातवीत आहे.
मी टेप तशीच ताणून धरली,
कमानीपासून तिच्या नाकापर्यंत.
वाचायला सांगितलं नाही. त्यानेच वाचलं.

आठवडाभर फोन नाही.
मला वाटलं, गेला दुसऱ्या कुणाकडे,
अर्ध्या पैशात, शिवणीच्या पाइपवाल्याकडे.
गुरुवारी आला. बरोबर ती,
दप्तर पोटाशी, पुढच्या सीटवर, कंपनीचा पट्टा लावून.
मागची काढून टाका, म्हणाला.

बॅटरीची वायर सोडली, काचांवर ओली गोणपाटं टाकली,
टाकीतलं पेट्रोल आधीच उपसलेलं.
कमान आत घ्यायला तिघं लागलो,
बोल्ट आवळायला एक मी,
आणि आवळून झाल्यावर पुन्हा एक मी,
कारण पहिल्या ‘मी’वर माझा विश्वास नाही.

सीट अजून शेडमध्येच आहे, तो न्यायला आला नाही.
दुपारी डबा मी तिच्यावरच बसून खाते.
फटीत एक कर्कटक सापडलं, दोन वाळलेल्या बोरांच्या बिया,
आणि एक रबरबँड, केसांचा, एक केस अडकलेला.
डब्यात घालून ठेवलंय सगळं. बिया फेकल्या.

भिंत पुसायला घेतली तेव्हा इक्बालने विचारलं,
बाई, बाकी मापं कळतात,
हे ‘रोज’ किती एमएमचं?